मागच्या दारची झाडे : एक कविता आणि तिच्यातली ऋतूची चूक

पडवी · ६ जून, रात्री ९.४०

नमस्कार. गेली काही वर्षे मी या चर्चेच्या मंचावर नुसता वाचत आलो आहे; लिहिण्याचे धाडस आज पहिल्यांदाच करतो आहे. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात आणि बालपण डोंबिवलीत. आजोळचे घर चार वर्षांपूर्वीच्या पावसात पडले, मागची जागा वाटण्यांमध्ये गेली, आणि नंतर तिकडे फिरकणे झाले नाही. गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने गेलो, तेव्हा घराच्या जागी नुसता चौथरा उरला होता आणि त्याच्या मागे झाडे मात्र होती तशीच उभी होती. परतीच्या गाडीत पुढील ओळी सुचल्या.

मागिलदारी झाडे होती
आजीहुनही जुनीपुराणी
त्यांच्या खाली उन्हे पेंगती
विहिरीमध्ये निवांत पाणी

अंगणभर तो प्राजक्ताचा
सडा पसरला केशरदेठी
आणि ओंजळित करवंदांची
काळी ओळख जिभेस, ओठी

फणस बुडाशी लेकुरवाळा
कडेवरी त्या मीही चढलो
हात चिकाने माखुन आलो
आजीपुढती मग अवघडलो

आता नाही घर ते, दारहि
झाडे केवळ उभीच असती
हिरव्या त्यांच्या आठवणींची
गर्द सावली मनात नुसती

गावाकडच्या आठवणींच्या कवितांमध्ये जे दोष हमखास असतात ते हिच्यातही असणार, याची मला कल्पना आहे. ते नेमके कोणत्या ओळीत आहेत हे मात्र मला दिसत नाही, कारण प्रत्येक ओळीमागचे झाड माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते की नाही हे मला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून कौतुकापेक्षा चिरफाड झाली तर आवडेल.

यतिभंग · ६ जून, रात्री ११.०५

चिरफाड मागितली आहे म्हणून आधी वृत्त पाहिले. आठ-आठ मात्रांचे पादाकुलक आहे आणि ते कुठेही लंगडत नाही. 'ओंजळित' आणि 'दारहि' इथे ऱ्हस्व करून घेतले आहे, पण तेवढी सवलत जुन्या कवींनीही घेतलेली आहे. तेव्हा माझ्या नावाला साजेसे, म्हणजे विराम चुकल्याचे, काही सापडले नाही.

आता प्रतिमांविषयी. झाडांवरची कविता वाचताना मी एक साधी परीक्षा करतो : ओळीतले झाड बदलून पाहायचे, आणि ओळ तशीच उभी राहते का ते बघायचे. तिसऱ्या कडव्यात फणसाच्या जागी आंबा ठेवून पाहा, कडवे तिथेच कोसळते, कारण आंब्याची फळे शेंड्याकडे लागतात आणि फणस खोडालाच धरतो, कधी कधी अगदी मुळापाशी. त्यामुळे 'लेकुरवाळा' आणि 'कडेवरी' हे शब्द कवीने बाहेरून आणून चिकटवलेले नाहीत. बाईच्या कमरेशी मूल असावे तसा फणस खरोखरच दिसतो, आणि पुढच्याच ओळीत तुम्ही स्वतः त्याच्या कडेवर जाऊन बसता, म्हणजे झाडाच्या लेकरांमध्ये एकाची भर पडते. हे कडवे मला फार आवडले.

तीच परीक्षा शेवटच्या कडव्याला लावा. तिथे बदलायला झाडच नाही. 'हिरव्या आठवणी' आणि 'गर्द सावली' हे शब्द इतक्या हातांतून फिरून आले आहेत की ते वडाला, पिंपळाला, बापाला, गुरूला आणि निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांनाही सारखेच लागू पडतात. पहिल्या तीन कडव्यांत एक मूल बोलत होते. चौथ्यात कोणी तरी उठून आभारप्रदर्शन करू लागले आहे.

माळरान · ७ जून, सकाळी ७.२०

यतिभंग यांचे मुख्याध्यापकांबद्दलचे वाक्य वाचून चहा सांडला.

आम्ही सोलापूरकडचे. आमच्या बालपणात अशी सावली भरपूर नव्हतीच, त्यामुळे कोकणातल्या कविता वाचताना थोडी असूया वाटते. आमच्याकडे बोर, बाभूळ, लिंब आणि ओढ्याकाठची चिंच. बोराचे झाड म्हटले की मला सावली आठवत नाही; शर्टाच्या खिशाला पडलेली फाटकी जागा आठवते, आणि आळी लागलेले बोर अंधारात खाल्ले की चालते असे सांगणारा एक मित्र आठवतो. एवढेच. चर्चा वाचतो आहे.

सुरंगी · ७ जून, दुपारी १२.१५

मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे कविता वाचतानाही माझे लक्ष आधी फुलोऱ्याकडे जाते, आणि ही खोड आता सुटेल असे वाटत नाही. पडवी, तुमच्या दुसऱ्या कडव्यात एक अडचण आहे. प्राजक्त पाऊस स्थिरावल्यावर फुलू लागतो आणि त्याचा खरा भर श्रावण-भाद्रपदापासून पुढे दिवाळीच्या मागेपुढे असतो. करवंदे चैत्राच्या अखेरीपासून पिकतात आणि पहिल्या जोरदार पावसात पाणचट होऊन संपतात. ज्या सकाळी अंगणात केशरी देठांचा सडा पडलेला असतो, त्या सकाळी करवंदीच्या जाळीवर पाने आणि काटे यांखेरीज काहीही नसते. तुमच्या कवितेत मात्र 'आणि' या एका शब्दाने दोन्ही गोष्टी एकाच पहाटे घडवून आणल्या आहेत.

हे मी दोष काढायचा म्हणून सांगत नाही. 'केशरदेठी' हा शब्द फार नेमका आहे. त्या देठांपासून पूर्वी कापडाला रंग देत असत, आणि फुले वेचून झाल्यावर पोरींच्या बोटांनाही तो थोडासा लागतोच. ज्याने 'केशरदेठी' लिहिले त्याने फूल उलटे करून पाहिले आहे, यात मला शंका नाही. म्हणूनच त्याला ऋतू कळला नसेल हे पटत नाही.

झाडाची प्रतिमा झाडाच्या स्वभावाला धरून असली की किती टिकते, याचे आपल्याकडचे सर्वांना पाठ असलेले उदाहरण म्हणजे बालकवींचा औदुंबर. आठ ओळींची कविता, आणि झाडाचे नाव येते ते थेट शेवटच्या शब्दात. तोवर नुसते रंग आणि वाट. पाण्यात पाय सोडून बसलेला उंबर ही कल्पना सुंदर आहेच, पण ती खरीही आहे, कारण उंबर हे ओढ्या-नदीच्या काठाला धरून वाढणारे झाड आहे आणि त्याची मुळे काठावरून उघडी पडून पाण्यात उतरलेली आपण सर्वांनी पाहिलेली असतात. जाता जाता सांगते : त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली ती १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात, आणि त्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे स्वतः वनस्पतींचे मोठे अभ्यासक होते, भारतीय औषधी वनस्पतींवरच्या प्रसिद्ध ग्रंथाचे एक कर्ते. एका झाडे ओळखणाऱ्या माणसाने त्या मुलाला कवी म्हणून ओळखले, या योगायोगाचा मला वर्गात शिकवतानाही मोह पडत असे.

आणखी एक विचारते. 'आजीहुनही जुनीपुराणी' हे तुम्हाला कोणी सांगितले होते, की तसे वाटत होते?

तिसरा मजला · ७ जून, रात्री १०.३०

मला या चर्चेत बोलण्याचा अधिकार कितपत आहे हे माहीत नाही, कारण मला आजोळ पुण्यातच होते आणि मागचे दार नव्हते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असू आणि माझी सगळी झाडे मी वरून पाहिलेली आहेत. समोर एक पर्जन्यवृक्ष आणि त्याच्या शेजारी गुलमोहर. संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आले की पर्जन्यवृक्षाची पाने मिटत आणि एरवी न दिसणारा खालचा रस्ता, दूधवाल्याची सायकल, भिजू नये म्हणून धावणारी माणसे असे सगळे पानांच्या जाळीतून अचानक दिसू लागे. त्यामुळे 'झाडाखाली' हा शब्द मला अजूनही परका वाटतो. माझ्या आठवणीत झाडाला खोड नाही. हिरवा, थोडासा हलणारा मजला आहे आणि त्यात घारीचे एक घरटे आहे.

खाली उतरायची परवानगी मिळे ती गुलमोहराच्या कळ्यांसाठी. कळी सोलून आतले दहा पुंकेसर काढायचे आणि एकाचे डोके दुसऱ्याच्या डोक्यात अडकवून ओढायचे. ज्याचे डोके तुटेल तो हरला. याला आम्ही कोंबड्यांची झुंज म्हणत असू. शाळेच्या वाटेवर बुचाची झाडे होती आणि पावसाळा संपला की त्यांची लांब देठांची पांढरी फुले रस्त्यावर पडत. दोऱ्याशिवाय त्यांची वेणी करता येते, हे मला आईने नव्हे तर रिक्षावाल्या काकांनी शिकवले.

मोठेपणी कधी तरी वाचले की गुलमोहर मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. माझ्या बालपणाची झाडेच जर बोटीतून आलेली असतील, तर त्यांच्यावर लिहिलेल्या कवितेत 'मातीचा गंध', 'मुळे' वगैरे शब्द मी कोणत्या तोंडाने लिहू? पडवी, तुमच्या कवितेत हे शब्द नाहीत याचे मला बरे वाटले.

सुरंगी · ७ जून, रात्री ११.१०

तिसरा मजला, तुम्ही निश्चिंत लिहा. काजू ब्राझीलचा आहे आणि तो पोर्तुगीजांबरोबर आला, पण काजूशिवाय कोकणातले बालपण कोणी लिहून दाखवावे. सात वर्षांच्या मुलाला झाडाचे मूळ गाव ठाऊक नसते. पाने मिटल्यावर दिसणाऱ्या सायकलीवर मात्र आणखी लिहाच.

पडवी · ८ जून, रात्री ९.१५

सर्वांचे मनापासून आभार. सुरंगीताई, तुमच्या प्रतिसादाने मला रात्रभर कामाला लावले. प्राजक्त आणि करवंद एका वेळी नसतात हे मला खरोखर ठाऊक होते, आणि तरीही लिहिताना ते एकाच अंगणात, एकाच पहाटे दिसत होते. असे का व्हावे याचा विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली, ती लिहितो.

आम्ही गावी वर्षातून दोनदा जात असू : मे महिन्याची सुट्टी आणि गणपती. संध्याकाळी परळहून एस.टी. धरायची, घाटात कोणी तरी ओकायचे, आणि सकाळी फाट्यावर उतरून सामान डोक्यावर घेऊन चालत जायचे. दोन्ही खेपांना तोच फाटा, तीच पायवाट आणि पडवीच्या कठड्याला धरून उभी असलेली तीच आजी. बारा वर्षे दोन-दोन खेपा धरल्या तरी चोवीसच खेपा होतात. पण आठवताना त्या चोवीस राहत नाहीत, सगळ्यांची मिळून एकच खेप होते. तिच्यात मे महिन्यातली करवंदे आणि भाद्रपदातला प्राजक्त शेजारी शेजारी बसतात, विहीर कधी तळाला गेलेली असते आणि कधी हात घातला तर पाणी लागते, आणि आजीचे वय तेच राहते. माझ्या डोक्यात कोकणाला सहा ऋतू नाहीतच. दोन आहेत, आणि तेही एकमेकांत मिसळलेले आहेत.

झाडांच्या वयाबद्दल : आज आईला फोन करून विचारले. ती हसायलाच लागली. तो फणस आजीनेच लावलेला होता; लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी तिने आठळी पुरली होती, असे आजीच सांगत असे म्हणे. म्हणजे माझी दुसरी ओळ चुकीची आहे. मला मात्र सातव्या वर्षी तो फणस आजीपेक्षा म्हातारा वाटत होता, कारण त्याची साल तिच्या हातांपेक्षा जास्त सुरकुतलेली होती.

यतिभंग · ८ जून, रात्री १०.५०

ही सालीची आणि हातांची तुलना कवितेत का नाही? शेवटच्या कडव्याच्या जागी हीच यायला हवी होती.

आणि दुसरी ओळ चुकीची ठरली म्हणून बदलू नका. तो मुलाचा गैरसमज आहे आणि मुलाच्या तोंडी तो शोभतो. प्राजक्त-करवंदांची चूकही त्याच जातीची आहे, निदान आता तुमचे स्पष्टीकरण वाचल्यावर मला तसे वाटते. काढून टाकायची आहे ती चौथ्या कडव्यातली प्रौढ माणसाची ओळ, जी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अगदी निर्दोष आहे.

बांधावरचा · ९ जून, रात्री १०.२०

धागा तीन दिवस वाचतो आहे. लिहावे की नाही असे वाटत होते, पण 'दोन ऋतू' वाचल्यावर राहवले नाही. मी तुमच्याच तालुक्यातला, पण सुट्टीला येणारा नव्हे. ज्यांच्या घरी पाहुणे येत त्या घरातला. राग मानू नका, तुमची कविता चांगली आहे. फक्त तिच्यातली झाडे वर्षातले दहा महिने कुठे असतात, हे कोणी विचारले नाही म्हणून सांगतो.

भात झोडून झाले की पौष-माघात आम्ही कवळ, म्हणजे शेतात जाळायच्या पानांच्या डहाळ्या, तोडायला जात असू. वडील कोयता कमरेला अडकवून ऐनावर किंवा किंजळीवर चढत आणि एकेक डहाळी उतरवत शेंड्यापर्यंत जात. आम्ही भावंडे खाली उभी राहून पडलेल्या डहाळ्या ओढायचो, त्यांचे भारे बांधायचो आणि डोक्यावरून शेतात आणून वाळत टाकायचो. तोडून झाल्यावर ते झाड नुसत्या खांबासारखे दिसे, गाठीगाठींचे, शेंड्याला दोन-चार पाने ठेवलेली. पुढे उन्हाळ्यात तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपे करायच्या, जागेवर शेण पसरायचे, त्यावर वाळलेले कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, वरून मातीचा थर, आणि वारा पडल्यावर वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावायचा, म्हणजे आग धावत नाही, धुमसत राहते. हीच भाजावळ. चाकरमानी मे महिन्यात उतरत तोवर बहुतेकांचे हे सारे उरकलेले असे, आणि तोडलेल्या ऐनांना नवी पालवीही फुटू लागलेली असे. पाहुण्यांना झाडे हिरवी दिसत. ती आम्ही पाच महिन्यांपूर्वी बोडकी केली होती हे सांगायला कोण बसतो?

आंब्याचे तसेच. तुमच्या हातात आंबा येतो. आमच्या वाट्याला मोहोर येई, आणि मळभ आले की मोहोरावर तुडतुडा ही कीड पडणार म्हणून घरात कोणी धड बोलत नसे. थंडीतल्या ढगाळ सकाळी मला अजूनही पोटात खड्डा पडल्यासारखे होते, आणि आता तर माझ्याकडे एकही कलम नाही.

फणसाचे शेवटी सांगतो. आमच्याही पडवीसमोर एक फणस होता, बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा. त्याचा रस काढून आई साठे, म्हणजे रसाच्या वाळवलेल्या पोळ्या, घालत असे. मी सातवीत असताना मोठ्या बहिणीचे लग्न ठरले आणि तो फणस उभ्याउभी विकला. दोन करवती घेऊन चौघे जण आले. मी त्यांना चहा नेऊन देत होतो. फणसाचे लाकूड आतून पिवळे असते हे मला तोवर माहीत नव्हते. संध्याकाळपर्यंत अंगणभर भुसा पडला आणि तो हुबेहूब हळद सांडल्यासारखा दिसत होता. त्यात कोंबड्या उकरत होत्या, आणि घरात चार दिवसांनी खरी हळद लागायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत ऊन आले. आधी तिथे कधीच येत नसे. आईने काही न बोलता भाताची मुडी, पेंढ्यात बांधलेला गोल गठ्ठा, भिंतीकडे सरकवली.

तर आमच्या आठवणी अशा. कवितेत कशा बसवायच्या ते मला येत नाही.

माळरान · ९ जून, रात्री १०.४५

बांधावरचा, तुम्ही बसवलीत की.

यतिभंग · १० जून, सकाळी ८.३०

वरच्या प्रतिसादानंतर काही लिहिणे अवघड आहे, पण एक सावधगिरीची सूचना करतो. आता पडवी यांनी कवळ, भाजावळ, तुडतुडा आणि करवत हे सर्व आपल्या कवितेत आणायला जाऊ नये. ते त्यांचे नाही. सुट्टीत येणाऱ्या मुलाने जे पाहिले नाही ते पाहिल्याचा आव आणला, तर 'गर्द सावली'पेक्षाही ते खोटे वाटेल, आणि कवितेचे शेतकी खात्याचे पत्रक होईल ते निराळेच. मुलाला दोनच ऋतू माहीत होते, तर कवितेत दोनच असावेत.

सुरंगी · १० जून, सकाळी १०.००

अर्धे पटते. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहू नये, हे बरोबर. पण आपण काय पाहिले नाही हे पडवींना आता कळले आहे, आणि ते कळणे त्यांच्याच अनुभवातले आहे. चौथे कडवे प्रौढ माणसाचेच आहे ना? मग त्या प्रौढाला एवढे तरी कळायला हवे, की त्या झाडांना त्याच्या दोन खेपांच्या मधलेही आयुष्य होते. ते सगळे सांगायची गरज नाही; एक झाड पुरेल.

मला स्वतःला माझ्या नावाचे झाड असेच उशिरा कळले. सुरंगी फाल्गुनाच्या आसपास फुलते, फुले जुन्या फांद्यांनाच चिकटून येतात आणि कळ्या उमलण्याआधी पहाटेच काढाव्या लागतात. आम्ही वेंगुर्ल्याला मे महिन्यात जात असू, म्हणून मला सुरंगी ठाऊक होती ती मावशीच्या ट्रंकेतल्या सुकलेल्या वळेसरांमुळे, म्हणजे तिच्या गजऱ्यांमुळे. झाड मी पाहिले ते पस्तिसाव्या वर्षी, विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेले तेव्हा. आणि वासावरून आधी मला मावशीची ट्रंक आठवली, मागाहून झाडाचे शास्त्रीय नाव.

तिसरा मजला · १० जून, दुपारी ३.४०

बांधावरचा यांनी सांगितलेले पडवीतले ऊन वाचून मला आमचा पर्जन्यवृक्ष आठवला. तो तोडला गेला तेव्हा मी परगावी शिकायला होते. सुट्टीला घरी आले तर समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्यांना पडदे लावले होते. वर्षानुवर्षे ते आम्हाला आणि आम्ही त्यांना दिसत नव्हतो.

पडवी · १२ जून, रात्री ११.३०

बांधावरचा, राग मानण्याचा प्रश्नच नाही. उलट तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी मोबाइलमधले लग्नाचे फोटो पुन्हा काढून पाहिले. आम्ही सगळे मावसभाऊ चौथऱ्यावर ओळीने उभे आहोत असा एक फोटो आहे. आमच्या मागे बांधावर पाच-सहा उंच खांब दिसतात. मी ते विजेचे किंवा कुंपणाचे असावेत असे समजून फोटो कापून समूहावर पाठवला होता. मूळ फोटो मोठा करून पाहिला तर ते ऐन आहेत. प्रत्येक गाठीतून तांबूस-पोपटी पालवीचा झुबका फुटलेला आहे. म्हणजे आजही तिथे कोणी तरी कवळ तोडते आहे, आणि मी चाळीस वर्षांनंतरही ते कापूनच टाकले.

यतिभंग आणि सुरंगीताई यांच्यात मी मधला मार्ग काढला आहे असे नाही, पण जे सुचले ते असे. पहिली तीन कडवी तशीच ठेवतो, चुकांसकट. शीर्षक 'दोन खेपा' करतो, म्हणजे प्राजक्त आणि करवंदे एकत्र का आली ते ज्याला कळायचे त्याला कळेल. चौथे कडवे पूर्ण काढून त्या जागी हे :

पौषामध्ये कवळ तोडिता
खांबापरि जे उभे राहिले
ऐन तेच मी वैशाखामधि
पाने फुटल्यावरी पाहिले

सालीची आणि आजीच्या हातांची तुलना बसवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. मात्रांत बसली की ती खोटी वाटते, म्हणून तूर्त बाजूला ठेवली आहे.

यतिभंग · १३ जून, सकाळी ७.५०

'कवळ तोडिता' इथे तोडणारा कोण ते मोघम राहिले आहे, आणि मला वाटते ते तसेच राहावे. मात्रा बरोबर आहेत.

बांधावरचा · १३ जून, रात्री ९.०५

कडवे वाचले. बायकोलाही वाचून दाखवले. तिने विचारले, यांना ऐनाची साल माहीत आहे का? ती मगरीच्या पाठीसारखी चिरलेली असते आणि चढताना मांड्या सोलवटून निघतात. वडील घरी आल्यावर खोबरेल लावून बसत. तुमच्या आजीने फणसाच्या चिकासाठी हाताला लावले असेल तेच. कुठे बसते का पाहा.